ताईचे छत्तीस इंच

माझी थोरली बहीण कपडे शिवते. वय शहात्तर. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोल्यांत संसार आणि मधे एक पडदा. पडद्याच्या अलीकडे ती गिऱ्हाइकांना दरडावते, पलीकडे घरच्यांना. आवाजात फरक करत नाही. दुकानावर पाटी आहे, "येथे माप चुकत नाही". पाटी रंगवणाऱ्याने "येथे माप" एवढं रंगवून झाल्यावर "पुढे 'सहसा' घालू का?" असं सहज विचारलं. ताईने त्याला शिडीवरून खाली उतरवलं आणि उरलेली पाटी स्वतः रंगवली. त्यामुळे "येथे माप" सुबक आहे आणि "चुकत नाही" डावीकडे कललेलं आहे.

तिला सगळा रस्ता ताईच म्हणतो, पोस्टमनपासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत. मला ती बारक्या म्हणते. मी तिच्याहून चार वर्षांनी लहान. डोक्यावर केस नाहीत, जिना चढताना माझ्याआधी माझे गुडघे बोलतात, पण रस्त्याच्या त्या टोकावरून "ए बारक्या!" अशी हाक आली की अजून मी हातातली पिशवी खाली ठेवून उभा राहतो.

मी आयुष्यभर लाकडाच्या वखारीत फळ्या मोजल्या. लिहिणं म्हणजे फळीवर खडूने आकडा टाकणं, एवढंच ठाऊक. ताईची सून म्हणाली, "मामा, हे तुम्हीच लिहायचं, कारण घोळ तुमचा आहे." ते खरं असल्यामुळे नाही म्हणता आलं नाही.

ताईच्या गळ्यात कायम टेप असतो. कापडी. कधीकाळी पिवळा होता, आता चहाच्या रंगाचा आहे. ज्या मास्तरांकडे ती शिवण शिकली, त्यांची नजर अधू झाल्यावर त्यांनी तो तिला दिला. तेव्हाच तो त्यांनी वीस वर्षं वापरलेला होता. "हा सोडू नकोस," असं मास्तर म्हणाले. ते बहुधा धंद्याबद्दल म्हणाले असावेत, पण ताईने टेप सोडला नाही. बाजारात जाताना गळ्यात टेप, डॉक्टरकडे जाताना गळ्यात टेप. एकदा डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गळ्यात घातला होता आणि हिने टेप, तर बाहेर बसलेल्या एका बाईने हिलाच आपली जीभ दाखवली.

आता गुंडाळीबद्दल सांगितलं पाहिजे. वर्षअखेरच्या सुट्टीत ताईची मुलगी आणि जावई येतात, मी येतो, आणि आम्ही सगळे दुकानातल्या कापड कापायच्या लांब टेबलावर जेवतो. जेवणाआधी टेबलावरून लोहचुंबक फिरवून टाचण्या गोळा करतात. तरी जेवताना कोणाला तरी एक टोचतेच, आणि ज्याला टोचेल त्याने ओरडायचं नाही असा घरचा नियम आहे. जेवणाच्या शेवटी येते गुंडाळी. ही आमच्या आईची. आमच्या घराबाहेर ती मी कुठे पाहिली नाही.

लोणी घालून मळलेली कणीक पातळ लाटायची. तिची लांब पट्टी कापायची. तिच्यावर खजूर, अक्रोड, साखर आणि सुकी फळं पसरायची आणि पट्टीची दोरखंडासारखी गुंडाळी करायची. मग तो दोर आईच्या पत्र्याच्या गोल भांड्यात कडेने आत, आत, आत असा बसवत न्यायचा. टोक बरोबर मध्यावर संपलं पाहिजे. ओव्हनमधून निघाल्यावर वरून बघावं तर शंखासारखं वेटोळं दिसतं, कुठेही फट नाही. आई हे हाताच्या मापाने करायची, बोटाच्या टोकापासून खांद्यापर्यंत आणि वर चार बोटं. ताई शिवण शिकली तशी तिला हे माप अडाणी वाटायला लागलं. एका वर्षी आईने लाटलेली पट्टी तिने टेपने मोजली. लांबी छत्तीस, रुंदी नऊ. तेव्हापासून छत्तीस बाय नऊ. ताई कणीक सुरीने कापत नाही, कापडाच्या कात्रीने कापते. उरलेल्या कतरणीची मुलांना बिस्किटं मिळतात.

ताईला वाटायचं हे पुढे कोणीतरी करायला हवं. मुलीला स्वयंपाकात रस नाही, तिचे यजमान गाद्यांच्या दुकानात आहेत आणि त्यांचा रस फक्त खाण्यात. राहिली सून. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी ताईची गुंडाळी झाली की दुसऱ्या दिवशी त्याच भांड्यात सुनेची गुंडाळी व्हायची. आणि दरवर्षी सुनेच्या गुंडाळीला मधोमध भोक पडायचं. दोन बोटं जातील एवढं. घरात त्याला "खिडकी" म्हणायला लागले.

"यंदा खिडकीतून काय दिसतंय?" जावई विचारायचे.

"भांड्याचा तळ," भाचा म्हणायचा. भाचा म्हणजे ताईचा मुलगा, त्या सुनेचाच नवरा. तो असं बोलून मग दोन दिवस भांडी घासायचा.

"हात लागतो त्याला," ताई म्हणायची. बस, एवढंच. पण असं म्हणायची की त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

सुनेने वजनाचा काटा आणला. ओव्हनमध्ये ठेवायचा तापमापक आणला. एकापाठोपाठ एक तीन नवे टेप आणले. खिडकी कायम. एका वर्षी तिने वैतागून पट्टी अंदाजाने लांब कापली, तर टोक मध्यावरून वर उभं राहिलं आणि भाजल्यावर खिडकीऐवजी धुराडं झालं.

"अंदाज?" ताई म्हणाली. "या घरात? अंदाज?"

त्यानंतर सुनेने पुन्हा छत्तीस इंच धरले आणि खिडकी परत आली.

सहा वर्षं हे चाललं, आणि सहाही वर्षं मला खिडकीचं कारण माहीत होतं.

झालं होतं असं. मला कोणी माप घेतलेलं सोसत नाही. एक तर गुदगुल्या होतात, दुसरं म्हणजे हात वर करून चार लोकांसमोर उभं राहायचं या कल्पनेनेच माझे कान लाल होतात. म्हणून पॅन्ट शिवायची असली की मी घरी दार लावून वखारीतल्या स्टीलच्या टेपने स्वतःचं माप घ्यायचो आणि ताईला चिठ्ठी द्यायचो. कंबर इतकी, लांबी इतकी. ताई त्याप्रमाणे शिवायची. पॅन्ट सैल व्हायची. पट्टा आवळला तर समोर चुण्यांची पेटी वाजवायला घेतल्यासारखं दिसायचं. पहिली पाच-सहा वर्षं मला वाटलं मी रोड होतोय. मग एकदा ताई बाजारात जाण्याआधी आंघोळीला गेली होती आणि तिचा टेप खिळ्याला होता. मी माझा स्टीलचा टेप शेजारी धरला. तिचे छत्तीस इंच म्हणजे माझे साडेसदतीस. मास्तरांच्या हातात वीस वर्षं ओढला जाऊन टेप लांबला होता!

मला घाम फुटला. पॅन्टचं काही नाही. पण ही बाई पाटी लावून बसलेली. अर्धं गाव तिचे कपडे घालतं. म्हणजे अर्धं गाव सैल फिरतंय, आणि तिच्या धाकाने कोणी बोलत नाही! मी रस्त्यात लोकांच्या कमरांकडे बघायला लागलो. पोस्टमन पॅन्ट वर ओढताना दिसला की मी रस्ता ओलांडून पलीकडे जायचो. दातांच्या डॉक्टरांनी पट्टा लावला आहे हे पाहून मी दोन दिवस जेवलो नाही. पण हे ताईला सांगायचं कोणी? माप चुकत नाही, या एका गोष्टीवर ती उभी आहे. नवरा लवकर गेला, दोन पोरं त्या टेपवर वाढवली. मी मूग गिळून बसलो. एक नाही, तीस वर्षं. सून आली, खिडकी पडायला लागली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आईची पट्टी ताईने ह्याच लांबलेल्या टेपने मोजली होती. भांड्याला खरे साडेसदतीस इंच लागतात. सून बिचारी खरे छत्तीस कापते. तरी मी गप्पच. दर वर्षी तिच्या खिडकीवाल्या गुंडाळीचे दोन तुकडे जास्त खायचो, हे माझं प्रायश्चित्त.

या वर्षी सुट्टीच्या आधी ताई स्टुलावर चढून तयार झगे टांगताना पडली. उजव्या मनगटाला प्लॅस्टर. स्टुलाची उंची दोन इंच जास्त आहे असं तिचं म्हणणं.

म्हणजे यंदा गुंडाळी एकच, आणि ती सुनेची. ताईने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "खिडकी पडली तर पुढच्या वर्षीपासून बेकरीतून केक आणा. वर लाल चेरी असलेला. आईचं भांडं मी भंगारात देईन. अर्धवट काही चालू ठेवायचं नाही."

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर सून लोणी कुटत होती. लोण्याला कुटावं लागत नाही.

"मामा, मी दिवसाला साठ माणसांचं रक्त तपासते. आकडा दशांशात देते. डॉक्टर डोळे मिटून सही करतात."

"हो ना."

"आणि मला छत्तीस इंच मोजता येत नाहीत?"

"येतात गं."

"मग खिडकी का पडते? हात लागतो, हात लागतो. काय लावू अजून, पाय?" तिने डोळे मनगटाने पुसले. "यंदा शेवटचं. आणि खरं सांगू? मला ती गुंडाळी आवडते हो. माझ्या आईकडे असं काही नव्हतं. सुट्टीत आम्ही कालचंच खायचो."

मी पाण्याचा ग्लास तसाच ठेवला. सुनेला खरं सांगावं तर ताईची पाटी खाली येते. न सांगावं तर आईचं भांडं भंगारात जातं. ओट्यावर सुनेचा नवाकोरा टेप गोल गुंडाळून ठेवलेला होता. मी असं आयुष्यात कधी केलेलं नाही, पण ती लाटणं आणायला वळली तेव्हा मी तो टेप खिशात घातला.

पट्टी लाटून झाली. ताई प्लॅस्टरचा हात छातीशी धरून शेजारी उभी राहिली, परीक्षेला बाहेरून आलेल्या पर्यवेक्षकासारखी.

"माझा टेप कुठाय?" सून म्हणाली. "आत्ता इथे होता."

"टेप जपता येत नाही, आणि म्हणे गुंडाळी करायची," ताई म्हणाली.

"ताई, तुझाच दे ना," मी म्हणालो. आवाज मला अपेक्षित होता त्याहून बारीक निघाला.

"टेप आणि कवळी दुसऱ्याला देत नसतात, बारक्या."

"मग गळ्यातच असू दे. तू वाक. ती टोक धरेल."

हे तिला पटलं. ताई कणकेवर वाकली, सुनेने टेपचं टोक धरलं, आणि दोघींनी मिळून छत्तीस मोजले. मधे दोनदा डोक्याला डोकं लागलं.

"वाका अजून, आई."

"यापेक्षा वाकले तर मीच ओव्हनमध्ये जाईन."

कात्री चालली. खजूर-अक्रोड पसरले. दोर झाला. सून तो भांड्यात बसवायला लागली तेव्हा आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या दारात जमलो. भाचा, त्याची बहीण, जावई, पोरं. कडेने एक फेरा, आत दुसरा, मग तिसरा. टोक मध्यावर आलं आणि बसलं. जावयांनी मान पुढे काढून बघितलं.

"खिडकी बंद!" ते ओरडले.

सून मटकन स्टुलावर बसली. दोन इंच जास्त उंच असलेल्या त्याच. ताई म्हणाली, "भाजल्यावर बघू." पण तिचा चेहरा सैल झाला होता, आणि भांडं ओव्हनमध्ये जाताना तिने डाव्या हाताने ते उगाच जरा सरळ केलं.

जेवण झालं. जावयांना टाचणी टोचली, ते ओरडले नाहीत, फक्त उभे राहून परत बसले. मग गुंडाळी आली. सोनेरी, घट्ट, मधे बोट काय, सुईसुद्धा जाणार नाही अशी. टाळ्या वाजल्या. माझ्या डोळ्यात पाणी आलं. मी रुमाल काढायला खिशात हात घातला आणि रुमालाबरोबर सुनेचा टेप बाहेर आला. टेबलावर पडला आणि सरळ उलगडत तिच्या ताटापर्यंत गेला.

"मामा," सून म्हणाली, "हा माझा टेप."

"हो का?" मी म्हणालो.

"तुमच्या खिशात कसा?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. मला वेळेवर बोलता येत नाही. मी नुसता टेपकडे बघत बसलो. आणि लॅबमधल्या माणसाला एक वाईट खोड असते, पडताळून बघायची. तिने माझ्याकडे पाहिलं, गुंडाळीकडे पाहिलं, ताईच्या गळ्याकडे पाहिलं. मग उठून ताईच्या टेपचं टोक हातात घेतलं आणि आपला टेप त्याला लावून धरला. दहाला दहा जवळजवळ जुळले. विसाला जुळले नाहीत. छत्तीसला दीड इंचाचा फरक.

कोणी बोललं नाही. म्हणजे जावई सोडून कोणी नाही.

"आई, म्हणजे आम्ही इतकी वर्षं जे कपडे..."

"तुम्ही गप्प बसा हो," त्यांची बायको म्हणाली.

ताईने दोन्ही टेप डोळ्यांजवळ नेऊन बघितले. चष्मा पुसून परत बघितले. मग तिने गळ्यातला टेप काढला. लग्नाच्या दिवशी फोटोवाल्याने काढायला लावला होता, त्यानंतर हे मी आत्ताच पाहिलं. तो टेबलावर ठेवला, बेडरूममध्ये गेली आणि कडी लावली. जाताना तिचा गळा इतका रिकामा दिसला की मला तिच्याकडे बघवलं नाही.

मी दाराशी गेलो. "ताई."

"कोण कोण सैल फिरतंय?" आतून आवाज आला.

"कोणी नाही गं."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

आता इथे थोडं कमी सांगितलं असतं तरी चाललं असतं. "तीस वर्षं," मी म्हणालो.

आत काहीतरी पडलं. बहुधा फेकलं. "तीस वर्षं! आणि तू मला पाटीखाली बसू दिलंस? उतरव ती पाटी. आत्ता. शिडी मागे आहे."

"जेवण होऊ दे."

"माझं झालं! गावाला तोंड कसं दाखवू? त्या पोस्टमनला मी बारा पॅन्टी शिवल्यात, बारक्या. बारा!"

भाचा म्हणाला, "आई, बाहेर ये, काही झालेलं नाही." त्याचं नेहमीप्रमाणे कोणी ऐकलं नाही. पोरं गुंडाळीकडे बघत होती, पण ताईने कापल्याशिवाय ती कोणी कापत नाही.

तेव्हा सून पुढे आली. तिने मला हाताने बाजूला केलं. हातात ताईचा टेप होता.

"आई, एक विचारू? गिऱ्हाईक आलं की त्याची कंबर कशाने मोजता?"

आतून, "टेपने. दुसऱ्या कशाने मोजणार, वितीने?"

"कोणत्या टेपने?"

"माझ्या."

"आणि मग कापड कोणत्या टेपने मोजून कापता?"

"माझ्याच. असले प्रश्न लॅबमध्ये विचारतात का?"

"मग चूक राहिली कुठे?" सून दाराला तोंड लावून बोलत होती. "टेप लांब आहे, हे खरं. पण माणूसही त्यानेच मोजला आणि कापडही त्यानेच. पोस्टमनची कंबर तुमच्या टेपवर तेहतीस भरली, तुम्ही तेहतीसचं कापड कापलंत, ते त्याच्या कमरेला बरोब्बर बसलं. आकडा काही का असेना. माझ्या टेपने सहा वर्षं खिडकी पडली. तुमच्या टेपने एकदा तरी पडली का?"

हे ऐकून मी भिंत धरली. चाळीस वर्षं फळ्या मोजल्या, आणि एवढं माझ्या डोक्यात आलं नाही! मी त्या पोस्टमनसाठी तीस वर्षं झुरलो. तो नुसता सवयीने पॅन्ट ओढत होता.

मग कडी निघाली. ताईने दार बोटभर उघडलं.

"पोराला पाठव."

भाचा आत गेला. त्याच्या अंगावर तिने शिवलेली पॅन्ट होती. टेप आत गेला. "हात वर कर. पोट आत घेऊ नकोस, बापाचं वळण दाखवू नकोस. एकतीस... चौतीस. आता पॅन्ट." थोडी खुडबुड. "चौतीस."

दार पूर्ण उघडलं. टेप गळ्यात होता.

"चुकत नाही," ताई म्हणाली. मग तिचे डोळे माझ्या कमरेवर आले. सगळ्यांचेच आले. "थांबा. मग याची पॅन्ट अशी का दिसते? मला वाटायचं हाच असा आहे."

"मामा चिठ्ठी देतात ना तुम्हाला," सून म्हणाली. "वखारीच्या टेपचं माप. कापता मात्र तुमच्या टेपने."

"म्हणजे इतक्या वर्षांत माझ्या हातून एकट्याचाच कपडा चुकला."

"हो."

"आणि तोही याने स्वतः मोजला म्हणून."

"हो."

ताई हसायला लागली. ती हसली की आधी खोकते, मग हसते. प्लॅस्टरचा हात पोटाशी धरून ती दाराच्या चौकटीला टेकली. जावई हसता हसता टेबलावर वाकले आणि त्यांना दुसरी टाचणी टोचली. या वेळी मात्र ते ओरडले.

"ये इकडे, बारक्या. चढ त्या स्टुलावर."

"ताई, जेवण झाल्यावर..."

"आमचं झालंय. हात वर."

मी बहात्तरव्या वर्षी सगळ्या घरासमोर स्टुलावर हात वर करून उभा राहिलो. टेप ताईने गळ्यातून काढून दिला नाहीच. ती माझ्या कमरेपाशी गळा आणून उभी राहिली आणि सून दुसरं टोक फिरवत होती. मला गुदगुल्या झाल्या. मी हललो की दोघी एकदम "हलू नका" आणि "हलू नकोस" म्हणायच्या. ताई आकडे सांगत होती, मुलगी मापाच्या वहीत लिहीत होती, आणि जावई प्रत्येक आकड्याला "अरे वा!" म्हणत होते. माझे कान पेटले होते. पण मी उतरलो नाही. माझ्यामुळे सहा वर्षं सुनेने ऐकून घेतलं होतं, त्यापुढे हे काहीच नव्हतं.

"सहा वर्षं बोलले मी तुला," ताई मधेच म्हणाली. ती माझ्या पायाची लांबी बघत होती, त्यामुळे मला वाटलं मलाच म्हणतेय. "आणि हात तुझा ठीक होता."

"असू दे, आई," सून जमिनीवर बसून म्हणाली. "लांबी घ्या."

मग ताईने डाव्या हाताने गुंडाळी कापली. वेडीवाकडी कापली, पण कोणी बोललं नाही. पहिला तुकडा तिने स्वतः घेतला. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत बसलो. ती हळूहळू चावत होती, शिवण तपासतात तशी.

"माप बरोबर आहे," ती म्हणाली. सुनेने खांदे खाली सोडले. "मीठ कमी पडलंय."

"मीठ तुम्ही घातलंत, आई."

"मी?"

"मी लोणी आणायला गेले तेव्हा. डाव्या हाताने. म्हणालात, चिमूटभर म्हणजे किती ते तुला कळायचं नाही."

पोरांचे हात तोंडाशी थांबले. या घरात ताईला असं कोणी म्हणत नाही. ताईने सुनेकडे पाहिलं. सूनही बघत राहिली, तिने मान खाली घातली नाही.

"डाव्या हाताची चिमूट लहान असते," ताई म्हणाली आणि दुसऱ्या तुकड्यासाठी ताट पुढे केलं.